भातातला खडा

५ ऑगस्ट २०२२ रोजी नेटफ्लिक्सवर आलेल्या जसमीत के. रीन यांच्या ‘डार्लिंग्ज’ या हिंदी चित्रपटाविरुद्ध प्रदर्शनापूर्वीच बहिष्काराची हाक देण्यात आली. आरोप काय, तर तो पुरुषांवरील अत्याचाराला उत्तेजन देतो! भायखळ्याच्या चाळीतील बद्रू नवऱ्याचा मार खात राहते, तोवर कोणाच्या भावना दुखावत नाहीत. तिने त्याला बांधून घालताच संस्कृतीरक्षक खडबडून जागे होतात. चित्रपटातला कोणताही विनोद याहून काळा नाही.

या मंडळींना उत्तर देण्याचे कारण नाही. उत्तर द्यायचे आहे ते आपल्याच वर्तुळात ऐकू येणाऱ्या एका सुसंस्कृत सबबीला.

नवरा हमझा रेल्वेत तिकीट तपासनीस आहे. साहेब त्याला संडास घासायला लावतो. तो अपमान दारूबरोबर गिळून हमझा घरी येतो आणि भातात खडा लागला म्हणून बायकोला बडवतो. सकाळी गोड बोलतो. शेजाऱ्यांच्या कानांवर सारे जाते आणि ऐकू कोणालाच येत नाही. हे पाहून आपला एखादा कॉम्रेड मान डोलावेल : शोषित माणूस आपला राग दुबळ्यावर काढतो, व्यवस्था बदलली की हेही बदलेल, तोवर दारूविरुद्ध ठराव करू.

परंतु कथा येथे थांबत नाही. हमझा दारू सोडतो आणि पूर्ण शुद्धीत असताना गरोदर बद्रूला जिन्यावरून ढकलतो. गर्भ जातो. आता दोष कोणाचा? बाटलीचा? साहेबापुढे न उठणारा हात घरात उठतो, कारण घरात त्याला मालकी बहाल झालेली असते. अपमान हे निमित्त, मालकी हे कारण. कुटुंबातील या सत्तेकडे एंगल्सने १८८४ मध्येच बोट दाखवले होते. आपण ते पान वाचून उलटले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे असे ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी सांगितले. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कोठे वाच्यता केली. १९८३ मध्ये कलम ४९८-अ आले, २००५ मध्ये कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा झाला. तरीही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेने अठरा वर्षांवरील पत्नीवरील बलात्काराला दिलेली सूट कायम ठेवली. कायद्याने दार उघडले, आतली कडी मात्र तशीच ठेवली.

चित्रपटाचीही मर्यादा आहे. बद्रूपाशी आई आहे, संघटना नाही. म्हणून तिचा लढा सूडाकडे वळतो आणि अखेरचा हिशेब रेल्वेगाडी चुकता करते. उरलेल्यांनी कोणत्या गाडीची वाट पाहायची?

ठरावांचे भाषांतर करताना ‘स्त्री-पुरुष समता’ हे शब्द मी शेकडो वेळा लिहिले आहेत. त्यांची परीक्षा सभागृहात होत नाही, जेवणाच्या ताटावर होते. ज्या सभासदाच्या घरी भातातला खडा गुन्हा ठरतो, त्याचा प्रश्न ‘घरगुती बाब’ म्हणून शाखेने गुंडाळून ठेवू नये. भिंतीपलीकडचा आवाज ऐकू न येणाऱ्या शेजाऱ्याला आपण भेकड म्हणतो. मग ऐकूनही गप्प बसणाऱ्या कॉम्रेडला काय म्हणावे?