रुग्णाला कुणी विचारले का?

मंडळाच्या मागच्या बैठकीत बोलायचे होते पाणीपट्टीवर. बोलणे झाले दवाखान्यावर. ज्येष्ठ सभासदांचा सूर एकच : "मोहल्ल्यातल्या डॉक्टरकडे पैसे जातात, पण तो निदान विचारपूस तरी करतो."

हा सूर आम्ही हसण्यावारी नेत नाही. जिष्णू दास, कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशच्या खेड्यांत शिकवून तयार केलेले 'रुग्ण' डॉक्टरांकडे गुपचूप पाठविले होते. 2016 साली निष्कर्ष छापून आले. सरकारी दवाखान्यात रुग्णाच्या वाट्याला सरासरी अडीच मिनिटेही आली नाहीत. खाजगीवाले, त्यांतले बहुतेक वैद्यकीय शिक्षण नसलेले, दीड मिनिट जास्त देत. निदान दोघांचेही सारखेच कच्चे. खरे बोचते ते पुढेच : तोच सरकारी डॉक्टर स्वतःच्या खाजगी दवाखान्यात बसला की जास्त लक्ष देतो, उपचारही अधिक वेळा बरोबर करतो. म्हणजे उणीव ज्ञानाची नव्हे. खिडकीआड बसून नोकरी करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको. बँकांसाठी 1995 सालीच लोकपाल आला. तक्रार तिथे जाईल म्हटले की काउंटरवर आजही मान वर होते.

याबाबतीत कधीकाळी इंदूरनेच देशाला वाट दाखविली होती. 1994 साली सुरतेच्या प्लेगची धास्ती पसरली, तेव्हा एम. वाय. रुग्णालय रिकामे करून उंदीर मारले गेले, सफाई झाली आणि त्यातूनच रोगी कल्याण समिती जन्माला आली. ज्याला परवडेल त्याच्याकडून थोडे शुल्क घ्यायचे, तो पैसा भोपाळच्या तिजोरीत न जाता रुग्णालयातच राहायचा. 2005 पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने हीच पद्धत देशभर नेली. आणि त्याच एम. वाय.मध्ये 2025 च्या ऑगस्टअखेरीस दोन नवजात बालकांना उंदीर चावले. दोन्ही दगावली. रुग्णालयाने मृत्यूची कारणे वेगळी सांगितली. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. जिथून समिती निघाली तिथेच ही वेळ यावी!

2019 पासून शहरात संजीवनी क्लिनिक निघाली. घराजवळ, तपासणी आणि औषध फुकट. आम्ही स्वागतच करतो. पण किती पर्च्या फाटल्या एवढ्यावर हिशेब संपू नये. म्हातारा माणूस किती वेळ ताटकळला, डॉक्टरांनी नाडी पाहिली का, गोळी जेवणाआधी की नंतर हे कुणी समजावले का, आणि एकदा आलेला पुन्हा का फिरकला नाही?

आमच्या पार्षदांकडे मागणी एवढीच : आपापल्या वॉर्डातील क्लिनिकमध्ये दर तीन महिन्यांनी रुग्णांची उघड बैठक घ्या, आणि आलेल्या तक्रारींचे काय झाले ते दारावर लावा. मत मागायला घरोघर येता येते, तसे हेही जमेल. तोवर रामबाग, सुदामानगर, लोकमान्यनगर येथे आमचे कार्यकर्ते हेच चार प्रश्न घेऊन येतील. उत्तर मराठीत द्या, हिंदीत द्या. नाव लिहिलेच पाहिजे असे नाही.