अब्बांचा कप

रमजानच्या आधी घर आवरताना २०२४चं जुनं कॅलेंडर रद्दीत टाकायला काढलं, तर मोठी म्हणाली, "अम्मी, हे नको देऊस." तिच्या हातून घेऊन मी पानं उलटत बसले. आवरायचं राहिलंच.

१२ मार्च, पहिला रोजा. त्याच चौकटीत मोठीच्या अक्षरात 'दहावीचे पेपर चालू'. रोजे ठेवूनच तिने उरलेले पेपर दिले. त्याच आठवड्यात धाकट्याला पार्किंगमध्ये स्कूटरखाली मांजरीचं पिल्लू सापडलं. 'फक्त ईदपर्यंत' या अटीवर ते घरात आलं आणि त्याची चिंगी झाली. २७ मे, दहावीचा निकाल, अल्हमदुलिल्लाह, ८१ टक्के. १७ जून, बकरी ईद. आणि ऑगस्टपासून रोज एक लाल खूण. डिसेंबरअखेर अशा १४६ खुणा होतात.

भगिनींनो, आज या लाल खुणांबद्दल लिहायचं आहे. त्यात माझी एक चूक आहे. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

बकरी ईदला अब्बांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, खोकला सगळ्यांच्या कानावर पडत होता. पण ताथवड्यात खोकला कोणाला नाही? एका बाजूला हायवे, बाकी तिन्ही बाजूंना इमारतींची बांधकामं. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. अब्बा म्हणायचे, "धूळ आहे, पाऊस पडला की जाईल." पाऊस पडला, खोकला गेला नाही. अब्बांनी पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं, तेही आम्ही पाहिलं. ७१ वर्षांचं वय, त्यात साखरेचा त्रास. वजन थोडं उतरायचंच, अशी मनाची समजूत घातली. रात्री अंगात ताप असायचा हे सासूबाईंना माहीत होतं. पण मोठीच्या अकरावीच्या प्रवेशाची धावपळ आणि नणंदेच्या लग्नाची बोलणी, अशात घरावर आणखी ओझं नको म्हणून त्या गप्प राहिल्या. दोघांनी मिळून मेडिकलमधून आणलेल्या खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या संपवल्या.

जुलैच्या शेवटी, मुसळधार पावसाच्या दिवसांत, चिंगीने खाणं सोडलं. दोन दिवस ती वॉशिंग मशीनच्या मागे जाऊन बसली. यांची चाकणला सेकंड शिफ्ट होती, म्हणून टोपलीत घालून तिला औंधच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात न्यायला माझ्यासोबत अब्बाच आले. तिथल्या डॉक्टरांनी तिला तपासलं, इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, "मांजर आपलं दुखणं लपवतं. ते कोपऱ्यात जाऊन बसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. लक्ष ठेवावं लागतं."

परतताना रिक्षात अब्बांना ढास लागली. त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि पटकन मुठीत दाबला. तेवढ्यात मला लाल डाग दिसला.

"अब्बा, काय ते?"

"पानाचा डाग आहे, बेटा."

अब्बांनी पान सोडून पंधरा वर्षं झाली होती. ते मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. घरी येईपर्यंत आम्ही दोघं टोपलीकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात बेडक्याची तपासणी केली. ट्रूनॅट नावाच्या छोट्या मशीनवर ती होते. हे मशीन आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचं आहे आणि आता जगभर वापरलं जातं. निकाल लवकर आला. क्षयरोग, म्हणजे टीबी. डॉक्टर म्हणाले, मधुमेह असलेल्यांना हा आजार होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. घाबरू नका, औषध मोफत आहे, सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला की माणूस बरा होतो.

आता माझी चूक. त्या रात्री मी अब्बांचा कप वेगळा केला. निळ्या काठाचा कप, एक बशी, एक ताट आणि एक पेला. त्यांची भांडी मी उकळत्या पाण्याने धुवायची आणि गॅलरीतल्या स्टुलावर पालथी घालायची. धाकट्याला बजावलं, दादांच्या ताटातलं काही खायचं नाही. अब्बा काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवसापासून मी उठायच्या आधीच ते स्वतः कप धुऊन गॅलरीत ठेवायला लागले. मला वाटलं, चला, त्यांनाही पटलं.

माझे विषय उर्दू आणि मराठी. पण दरवर्षी मार्चमध्ये, क्षयरोग दिनाच्या सुमारास, परिपाठात मुलांना माहिती वाचून दाखवणारी मीच. रॉबर्ट कॉखने १८८२ साली २४ मार्चला या रोगाच्या जंतूचा शोध जाहीर केला, हा जंतू खोकल्यातून हवेमार्फत पसरतो, भांड्यांतून किंवा हात मिळवल्याने नाही. हे मी किती वर्षं वाचून दाखवत होते. घरात पाय ठेवला की सगळं विसरले.

एके दिवशी फज्रच्या वेळी गॅलरीत गेले, तर अब्बा वुजूला बसलेले. चिंगी लोट्यापाशी आली होती आणि तिला पाणी पिता यावं म्हणून अब्बांनी लोटा तिच्याकडे कलता धरला होता.

"अब्बा, याच पाण्याने वुजू करणार?"

ते हसले. म्हणाले, "बहू, हजरत अबू कतादा (रजि.) यांचा किस्सा ऐकला आहेस? ते मुलाच्या घरी गेले होते. सुनेने, कबशा यांनी, त्यांना वुजूसाठी पाणी दिलं. तेवढ्यात मांजर आलं, तर त्यांनी भांडं तिरकं करून आधी त्याला पाणी पाजलं. सून तुझ्यासारखीच बघत राहिली. तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, मांजर नापाक नाही, ते घरात आपल्या अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी आहे, असं अल्लाहचे प्रेषित (स.) यांनी फरमावलं आहे."

एवढं बोलून त्यांनी वुजू पुरा केला आणि नमाजला उभे राहिले. अब्बा चिंगीची बाजू घेताहेत असं मला वाटलं.

दोन दिवसांनी क्षयरोग विभागाच्या ताई घरी आल्या. सगळ्यांची चौकशी केली, तपासणीच्या तारखा दिल्या. धाकट्यासह आम्हा सगळ्यांचे एक्स-रे नंतर साफ निघाले. गॅलरीतला कप बघून त्या म्हणाल्या, "हा वेगळा का? भांड्यांतून नाही पसरत. खिडक्या उघड्या ठेवा, सुरुवातीचे काही आठवडे बाबांना मास्क लावू द्या, खोकताना तोंडावर रुमाल हवा. आणि रोजची गोळी चुकवू नका. बास." मग अब्बांकडे वळून म्हणाल्या, "बाबा, एकटं बसून राहायचं नाही हं."

अब्बा मान खाली घालून बसले होते. चिंगी त्यांच्या मांडीवर होती. घरात अवतीभवती वावरणाऱ्यांपैकी. तेव्हा कुठे मला तो किस्सा कळला. मांजरीला घरातल्या भांड्यात तोंड घालता येत होतं, आणि ज्यांनी हे घर उभं केलं त्यांचा कप मी स्टुलावर काढला होता.

त्या संध्याकाळी सगळे कप एकत्र धुतले, एकाच रॅकमध्ये ठेवले आणि हाताला येईल त्या कपात अब्बांना चहा दिला. त्यांनी कपाकडे पाहिलं. म्हणाले, "निळा फुटला का?" मी म्हणाले, "नाही. रॅकमध्ये आहे." "बरं," म्हणाले आणि चहा प्यायले.

पुढचे महिने सोपे नव्हते. गोळ्यांनी मळमळायचं. लघवी नारंगी झाली तेव्हा सासूबाई रडायला लागल्या. तो गोळीचा रंग आहे, हे दवाखान्यात विचारल्यावर कळलं. या गोळ्यांमुळे साखरेच्या काही औषधांचा असर कमी होतो, म्हणून तीही बदलावी लागली. दोन महिन्यांत खोकला थांबला, तसे अब्बा म्हणायला लागले, "आता कशाला गोळ्या?" कोर्स अर्धवट सोडला तर जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात आणि मग इलाज लांबतो, अवघड होतो. हे त्यांना मोठीने समजावलं. रोज गोळी स्वतःच्या हाताने द्यायची आणि कॅलेंडरवर लाल खूण करायची, हे काम तिने घेतलं. सरकारी निक्षय पोषण योजनेत अब्बांच्या खात्यात महिन्याला ५०० रुपये मिळणार होते, नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १००० झाली. सासूबाई त्यातून अंडी आणि फुटाणे आणायच्या.

नणंदेच्या होणाऱ्या सासरी सांगायचं की नाही, यावर घरात दोन रात्री वाद झाला. शेवटी अब्बाच म्हणाले, "लपवायचं काम मी करून बघितलं. त्याने खोकला वाढतो." त्यांनी स्वतः फोन केला. पलीकडून जरा वेळ कोणी बोललं नाही. मग मुलाचे वडील म्हणाले, त्यांच्या धाकट्या भावालाही झाला होता. त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं.

२२ जानेवारीला, नव्या कॅलेंडरवर, १६८वी आणि शेवटची खूण झाली. बेडक्याची तपासणी साफ आली. शब-ए-बरातला आमच्याकडे एकमेकांना 'कहा-सुना माफ' म्हणायची रीत आहे. दरवर्षी ते तोंडाने म्हटलं जातं. या वर्षी मी अब्बांसमोर बसून कपाचं नाव घेऊन म्हटलं. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि धाकट्याला हाक मारून चिंगीला खायला घातलं का, ते विचारलं.

२ मार्चला रमजान सुरू झाला. वजन आणि साखर अजून पुरती सावरली नाही, म्हणून डॉक्टरांनी यंदा रोजे नको म्हटलं. अब्बांना वाईट वाटलं. पण आजाऱ्याने नंतरच्या दिवसांत रोजे पूर्ण करावेत, ही सवलत कुरआनच्या सूरह बकरामध्ये अल्लाहने स्वतः दिली आहे. "थंडीत ठेवीन, दिवस लहान असतात," असं म्हणून त्यांनी हिशोब लावून ठेवला आहे. धाकट्याने मात्र पहिला रोजा ठेवला. इफ्तारला दस्तरखानवर त्याच्या हातात खजूर अब्बांनी दिली.

भगिनींनो, घरात कोणाचा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, संध्याकाळी ताप येत असला, वजन उतरत असलं, तर धुळीला दोष देत बसू नका. सरकारी दवाखान्यात बेडक्याची तपासणी करून घ्या, पैसे पडत नाहीत. म्हातारी माणसं सांगणार नाहीत. तुम्हीच त्यांच्या रुमालाकडे आणि पट्ट्याकडे लक्ष ठेवा. आणि आजार निघालाच, तर खिडक्या उघडा, कप वेगळा करू नका. अल्लाह प्रत्येक घरातल्या आजाऱ्याला शिफा देवो, आमीन.

कॅलेंडर रद्दीत दिलं नाही. गुंडाळी करून कपाटावर ठेवलं आहे. तिथे हल्ली चिंगी झोपते.