आश्वासनासोबत हिशेबही हवा

निवडणुकीतील खर्चिक आश्वासनांविषयी महाराष्ट्रात जो वाद चालतो, त्यात दोन टोकाची मते आढळतात. एका मतानुसार गरिबांच्या खात्यात थेट रक्कम जमा करण्याचे वचन म्हणजे करदात्यांच्या पैशाने केलेली मतखरेदी होय. दुसऱ्या मतानुसार मतदारांनी एकदा कौल दिला की आश्वासन न्याय्य आहे का आणि परवडणारे आहे का, हे दोन्ही प्रश्न निकालात निघतात. गरीब स्त्रियांच्या खात्यात दरमहा 1,500 रुपये जमा करणाऱ्या 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या आधारे तपासून पाहिल्यास यांपैकी एकही मत टिकत नाही.

पहिल्या मताचा पाया 'करदाता' या संकल्पनेच्या अपुऱ्या आकलनावर उभा आहे. आयकर भरणारे थोडे असले, तरी वस्तू व सेवा कर, इंधनावरील मूल्यवर्धित कर यांसारखे अप्रत्यक्ष कर, म्हणजे वस्तूच्या किमतीतूनच वसूल होणारे कर, साबण विकत घेणारी शेतमजूर स्त्रीही भरते. त्यामुळे तिला मिळणारे दरमहा 1,500 रुपये पूर्णतः दुसऱ्याच्या खिशातून आलेले असतात, हे म्हणणे खरे नाही. शिवाय राज्यकोशातून मिळणारी सवलत ही केवळ गरिबांनाच मिळते असेही नाही. सप्टेंबर 2019 मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी पणजी येथे कंपनी कराचे दर घटवले, तेव्हा सरकारच्याच अंदाजानुसार वर्षाला 1.45 लाख कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागणार होते, आणि त्या निर्णयाला मात्र आर्थिक सुधारणा असे नाव मिळाले. घरकाम आणि शेतीकाम यांचा मोबदला न मिळणाऱ्या स्त्रीच्या हाती स्वतःच्या नावाचे पैसे येणे ही न्यायाचीच गोष्ट आहे, आणि तिची हेटाळणी करणाऱ्यांनी हे विसरू नये.

दुसरे मत अधिक गंभीर चुकीकडे नेते, कारण ते हिशेबाचीच गरज नाकारते. जून 2024 च्या अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली, तेव्हा वार्षिक खर्च 46,000 कोटी रुपये सांगण्यात आला. नोव्हेंबरमधील विधानसभा निवडणुकीत महायुतीने ही रक्कम 2,100 रुपये करण्याचे, तर महाविकास आघाडीने 3,000 रुपये देण्याचे वचन दिले. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पात रक्कम 1,500 रुपयेच राहिली, तरतूद 36,000 कोटींची झाली, आणि त्याच अर्थसंकल्पाने 45,891 कोटी रुपयांची महसुली तूट अंदाजित केली. महसुली तूट म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदाने अशा चालू खर्चाला सरकारचे चालू उत्पन्न पुरे न पडणे. ती कर्ज काढून भरावी लागते आणि त्या कर्जातून धरण किंवा रुग्णालय उभे राहत नाही. संपूर्ण तूट याच योजनेमुळे झाली असे म्हणणे चूक ठरेल, पण तुटीच्या सुमारे चार पंचमांशांएवढी रक्कम एका नव्या योजनेवर खर्च होत असताना ती परवडते असे गृहीत धरणे त्याहून चूक आहे.

त्याचा भार कोणावर पडतो, हेही लवकरच दिसले. सामाजिक न्याय खात्याचा निधी या योजनेकडे वळवल्याची तक्रार मे 2025 मध्ये त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीरपणे केली; म्हणजे दलित विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या खात्याला गरीब स्त्रियांसाठीच्या योजनेची किंमत मोजावी लागली. पुढे सुमारे 26 लाख लाभार्थी अपात्र असल्याचे कारण देऊन त्यांचे हप्ते रोखण्यात आले. पात्रतेची काटेकोर छाननी मतदानाआधी न होता नंतर व्हावी, हा त्या स्त्रियांवरही अन्याय आहे आणि खऱ्या गरजूंवरही.

मग कल्याणकारी आश्वासन देऊच नये काय? महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास याचे उत्तर नकारार्थी देतो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 मध्ये तासगाव तालुक्यात सुरू झालेला रोजगार हमीचा प्रयोग 1972 च्या दुष्काळात राज्यभर पसरला, आणि मागेल त्याला काम देण्याचे हे वचन अत्यंत खर्चिक असतानाही त्याचा भार कोणी उचलायचा हे राज्याने उघडपणे ठरवले. 1975 मध्ये व्यवसाय कर लागू झाला, नोकरदार आणि व्यावसायिक यांच्याकडून तो वसूल होऊ लागला, आणि त्या उत्पन्नाएवढीच भर सरकारने रोजगार हमी निधीत घालावी अशी व्यवस्था झाली. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी कर द्यायचा, हे कोणापासून लपवले गेले नाही. तरीही 1977 चा रोजगार हमी कायदा संमत झाला आणि पुढे 2005 च्या राष्ट्रीय कायद्याला त्याचा आधार मिळाला.

निवडणूक आश्वासनांचा हिशेब मागण्याबाबत कायद्याची स्थिती आज यापेक्षा दुबळी आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सुब्रमण्यम बालाजी खटल्यात जाहीरनाम्यातील वचने लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचरण ठरत नाहीत असे म्हटले, पण त्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे ठरवण्याचा आदेश निवडणूक आयोगाला दिला. त्यानुसार आदर्श आचारसंहितेत, वचनांसाठी पैसा कसा उभारणार हे ढोबळपणे सांगावे, अशी अपेक्षा नोंदली गेली. 2022 मध्ये आयोगाने खर्चाचा तपशील ठरावीक नमुन्यात मागण्याचा प्रस्ताव मांडला, तेव्हा काही पक्षांनी हा आयोगाचा अधिकारच नव्हे असा आक्षेप घेतला.

विरोधी पक्षाकडे सरकारी माहिती नसते, मग तो हिशेब कसा देणार, हा आक्षेप मात्र विचारात घेण्याजोगा आहे. त्याचा मार्ग इतरत्र सापडला आहे: नेदरलँड्समध्ये केंद्रीय नियोजन संस्था 1986 पासून पक्षांच्या जाहीरनाम्यांचे आर्थिक परिणाम मतदानापूर्वी तपासून प्रसिद्ध करते, आणि ऑस्ट्रेलियात 2012 पासून संसदेचे स्वतंत्र अर्थसंकल्प कार्यालय कोणत्याही पक्षाला खर्चाचा अंदाज काढून देते. महाराष्ट्र विधिमंडळाच्या अखत्यारीत असे कार्यालय 2024 मध्ये असते, तर लाभार्थ्यांची संख्या तीच धरून 2,100 रुपयांसाठी वर्षाला आणखी 18,400 कोटी आणि 3,000 रुपयांसाठी आणखी 46,000 कोटी लागतील हे मतदारांसमोर छापील आले असते, आणि ती रक्कम कोणत्या करातून किंवा कोणत्या खात्याच्या खर्चात कपात करून आणणार, हे दोन्ही आघाड्यांना मतदानाच्या आधी सांगावे लागले असते.