विश्लेषण : आईवडील शुद्धीत नसताना त्यांनी दिलेले कुलमुखत्यारपत्र चालते का?

मेंदूत रक्तस्राव झालेले वडील अतिदक्षता विभागात आहेत. रुग्णालयाचे बिल वाढते आहे, वडिलांच्या नावावर मुदत ठेव आहे आणि मुलाकडे नोंदणी केलेले कुलमुखत्यारपत्र आहे. हा कागद अशाच दिवसासाठी करून ठेवला, असे घरच्यांना वाटत असते. भारतीय कायद्यानुसार मात्र नेमक्या याच दिवशी त्याचा अंमल संपतो.

असे का?

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार अधिकार देणारा मरण पावला किंवा त्याचे भान हरपले, तर मुखत्यारी संपते. जो निर्णय मालक स्वतः घेऊ शकत नाही, तो त्याच्या वतीने दुसराही घेऊ शकत नाही, हा यामागचा जुना विचार. मुखत्याराचा त्या मालमत्तेत स्वतःचा हितसंबंध असेल तर कलम २०२ अपवाद करते. केवळ मुलगा किंवा मुलगी असणे म्हणजे तो हितसंबंध नव्हे. दस्तात ‘रद्द न होणारे’ असे शब्द घालूनही भागत नाही. डिमेन्शिया बळावलेल्या आईच्या नावाने वर्षानुवर्षे सह्या करणारी मुले म्हणूनच अडचणीत येऊ शकतात.

परदेशात काय सोय आहे?

अमेरिकेत व्हर्जिनियाने १९५४ मध्येच भान हरपल्यावरही टिकणारे, म्हणजे ‘ड्युरेबल’ मुखत्यारपत्र मान्य केले. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने ‘लास्टिंग’ मुखत्यारपत्र आले. ते सरकारी कार्यालयात नोंदवल्याशिवाय वापरता येत नाही. पुण्या-मुंबईत आईवडील आणि न्यू जर्सीत मुले, अशा घरांत दोन्हीकडचा कागद सारखाच समजला जातो. तो तसा नाही.

भारतात मार्ग कोणता?

१९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात न्यायालयाने मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या नव्या कायद्याने रुग्णाच्या हक्कांची बाजू भक्कम केली, पण मालमत्तेचा हा भाग गळला. त्यातील ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ फक्त मानसिक उपचारांपुरता. कोमातील रुग्णांची कुटुंबे त्यामुळे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात जातात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. मुंबई उच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशाच स्थितीतील रुग्णाच्या पत्नीला पालक नेमले. वैद्यकीय अहवाल, मालमत्तेची यादी, वारसांचे म्हणणे आणि वकिलाची फी हे सारे आलेच, तेही रुग्णालयाच्या फेऱ्या चालू असताना.

आधी काय करता येते?

‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचे संयुक्त बचत खाते सर्वात सोपे, कारण दुसरा खातेदार एकट्याच्या सहीने पैसे काढू शकतो. अशी मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडायची असेल तर मात्र बँक दोघांच्याही सह्या मागू शकते, त्यामुळे ठेव ठेवतानाच तशी लेखी सूचना देणे बरे. नॉमिनीचा हक्क मृत्यूनंतरचा. खातेदार जिवंत असताना त्याचा उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेले आणि २०२३ मध्ये सुटसुटीत केलेले ‘लिव्हिंग विल’ही उपचारांपुरतेच आहे.

फ्लॅट एकट्याच्या नावावर असेल तर प्रश्न सर्वात अवघड. भान शाबूत असताना खासगी न्यास केला, तर मालक आजारी पडला तरी विश्वस्ताचे अधिकार टिकतात. त्याला मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च आहे. डिमेन्शियाचे निदान सुरुवातीच्या टप्प्यावर झाले असेल, तर असे दस्त करायला थोडा अवधी हातात असतो. त्या वेळी रुग्णाला व्यवहार समजत होता, असे डॉक्टरांचे प्रमाणपत्र दस्ताला जोडलेले असले की पुढे भावंडांतले वाद लढवणे कठीण जाते.