मोठ्या माशाचा मोह

१९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ सीलाकँथ जाळ्यात आला आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपला म्हणून समजला गेलेला मासा जिवंत निघाला. दुर्गम नद्यांत एखादा आदिम महाकाय मासा दडून असेल असे मानणारे तेव्हापासून याच माशाला साक्षीला बोलावतात. साक्षीदार खरा आहे, पण खटला वेगळा आहे. आजचा सीलाकँथ खोल समुद्रातल्या कपारींत राहतो. तिथले जीवाश्म आपल्या हाती क्वचितच लागतात, त्यामुळे त्याची दीर्घ गैरहजेरी समजण्यासारखी आहे. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी नाहीशा झालेल्या कवचधारी माशांना ही सवलत कशी द्यायची? त्यांची हाडांची जाड कवचे गाळात उत्तम टिकत, आणि नद्यांचे काम गाळ साठवण्याचेच. त्यानंतरच्या थरांत एकही कवच मिळू नये, याचा सरळ अर्थ लावणेच बरे.

या मोहाला तज्ज्ञही बळी पडले आहेत. क्वीन्सलँडच्या नद्यांतला फुप्फुसमासा १८७० मध्ये विज्ञानाला कळला. तशा माशांचे दात तोवर जीवाश्म म्हणूनच ओळखीचे होते. दोनच वर्षांनी तिथे ब्रिस्बेनच्या संग्रहालयाच्या प्रमुखांच्या ताटात चपट्या चोचीचा एक अद्भुत मासा वाढला गेला आणि १८७९ मध्ये कास्तेलनाऊ यांनी त्याचे ‘ओम्पॅक्स’ असे बारसेही केले. प्रत्यक्षात ती प्लॅटिपसची चोच आणि वेगवेगळ्या माशांचे तुकडे जोडून केलेली थट्टा होती. आधीचा शोध खरा होता म्हणूनच ती खपली.

म्हणून शक्यताच निकालात काढावी का? तेही घाईचे होईल. पश्चिम आफ्रिकेतल्या नद्यांतला डेंटिसेप्स १९५९ मध्ये नोंदला गेला. डोक्यावर दातांसारखे बारीक काटे असलेला हा छोटा मासा हेरिंग आणि तारलीच्या गणातल्या इतर सर्वांपासून फार पूर्वी फुटलेल्या शाखेचा आहे. १९६१ मध्ये नैऋत्य ऑस्ट्रेलियातला लेपिडोगॅलॅक्सिअस नोंदला गेला. डबके आटले की तो वाळूत शिरून तग धरतो. इतक्या किरकोळ माशांना आदिम काय म्हणायचे, असा आक्षेप येईल. पण प्राचीनता लांबीरुंदीवर ठरत नाही, शाखा कुठे फुटली यावर ठरते. पाण्यातल्या डीएनएवरून आता सगळे कळेल, हा भरवसाही अपुरा आहे: तो डीएनए ताडून पाहायला आधी माशाची नोंद हवी. राहिला ‘दुर्गम’ हा शब्द. केरळच्या भूजलात राहणारा एनिग्माचन्ना २०१९ मध्ये जगापुढे आला, पुण्याच्या नीलेश डहाणूकरांसह चार संशोधकांच्या लेखातून. पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी स्वतंत्र कुळ मांडले गेले. ॲमेझॉनच्या मोहिमेआधी आपल्या विहिरी आणि भातखाचरे धुंडाळायला काय हरकत आहे?