‘अम्मा बाद’च्या आधीचे शब्द

जुम्याच्या दुपारी मशिदीतले बयान थेट विषयाने सुरू होत नाही. मौलाना आधी अरबीत अल्लाहची स्तुती करतात, त्याची मदत आणि माफी मागतात, पैगंबरांवर दरूद पढतात आणि ‘अम्मा बाद’, म्हणजे ‘आता यानंतर’, असे म्हणून उर्दूत किंवा हिंदीत बोलू लागतात. ऐकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांसाठी बयान तिथून पुढे सुरू होते. त्याआधीचा मिनिटभराचा वेळ टोपी सारखी करण्यात, पुढच्या सफेत सरकून बसण्यात जातो. मला वाटते, सबंध बयानातले सर्वांत मोलाचे शब्द याच मिनिटात असतात आणि गोंदिया जिल्ह्यात त्यांचा अर्थ मराठीतही सांगितला गेला पाहिजे.

या प्रारंभाचे मूळ ज्यात आहे, त्या खुतब्याला, म्हणजे प्रवचनाला, ‘खुतबतुल हाजा’ म्हणतात. हाजा म्हणजे गरज. पैगंबरांनी तो आम्हांला शिकवला, असे त्यांचे सहकारी अब्दुल्लाह इब्न मसऊद यांनी सांगितल्याची नोंद हदीसच्या ग्रंथांत आहे. त्यात आश्रय मागितला जातो तो कोण्या शत्रूपासून नव्हे, तर आपल्याच मनातल्या वाईटापासून आणि आपल्याच हातून घडलेल्या वाईट कामांपासून. मदत मागणारी, माफी मागणारी क्रियापदे अनेकवचनी आहेत. ‘ग्वाही देतो’ हे मात्र एकवचनी. जुन्या विद्वानांनी याचे कारण फार सुंदर सांगितले आहे: मागणे दुसऱ्यासाठीही मागता येते, ग्वाही ज्याची त्यानेच द्यायची असते. पुढे कुरआनातल्या तीन सूरांमधल्या आयती येतात. सूरह निसाची पहिली आयत सर्व माणसे एकाच जिवापासून झाली याची आठवण देते, तर सूरह अहजाबमधली 70वी आयत सरळ आणि खरे बोलण्याची ताकीद देते. म्हणजे मिंबरवर (मशिदीतल्या व्यासपीठावर) उभा राहिलेला माणूस तोंड उघडताच सगळ्यांदेखत स्वतःला अट घालून घेतो. ही अट ऐकणाऱ्याला कळलीच नाही, तर ती पाळली गेली की नाही हे त्याने कशावरून ठरवायचे? पुढच्या अर्ध्या तासात कुणाला हिणवले गेले, ऐकीव गोष्ट खरी म्हणून सांगितली गेली, तर ‘मौलाना, सुरुवातीला आपण काय पढलात?’ असे अदबीने विचारायला अर्थ ठाऊक असावा लागतो.

शब्द पवित्र आहेत, कानावर पडले तरी पुण्य आहे, अर्थाची एवढी घाई कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला सहीह मुस्लिममधली जिमाद यांची हकिकत उत्तर देते. झाडफूक करणारे हे गृहस्थ मक्केत आले. पैगंबरांना वेड लागले आहे असे लोकांकडून ऐकून ते उपचार करायला गेले. पैगंबरांनी फक्त हा प्रारंभ म्हटला आणि ते ‘अम्मा बाद’पर्यंत आले. जिमाद यांनी तेच शब्द पुन्हा म्हणायला लावले, तीनदा ऐकले आणि इस्लाम स्वीकारला. प्रवचन अजून सुरूही झाले नव्हते. अरबी ही जिमाद यांची बोलीच होती, म्हणून प्रारंभच त्यांच्या काळजाला भिडला. दर्साच्या, म्हणजे धर्मपाठाच्या, आधी अनेक जण हजरत मूसांची दुआ पढतात. तिच्यातही जिभेची गाठ सोडवण्याचे मागणे आहे, आणि ते कशासाठी, तर लोकांना बोलणे समजावे म्हणून.

जुम्याचा खुतबा अरबीतच हवा, हे हनफी उलेमांचे म्हणणे आहे आणि त्याला इथे धक्का लागत नाही. अरबी खुतब्याआधी लोकभाषेत बयान करण्याची प्रथा आपल्याकडे आहेच. त्याच जागेत मराठीची दोन मिनिटे बसतात. गोंदियाची बाजारपेठ हिंदी बोलते, मग मराठी कशाला, हा आक्षेप शहरापुरता रास्त आहे. पण देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगावकडच्या खेड्यांत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणारे मूल लिहिते-वाचते ते मराठीत. 2020च्या कायद्याने तर राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. मराठी आली तर उर्दूची ओळख पुसली जाईल, ही चिंता मी हलकी मानत नाही. त्या भाषेने इथल्या मुसलमानांचे धर्मज्ञान पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले आहे. पण उर्दूला बाजूला सारायचे नाही, तिच्या शेजारी मराठीला जागा द्यायची आहे. ‘योगसंग्राम’ लिहिणाऱ्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांपासून 1990मध्ये सोलापुरात भरलेल्या पहिल्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापर्यंत ही भाषा मुसलमानांची होतीच. आणि तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना विदर्भातल्या गावागावांत रुजली, ती गावाला कळणाऱ्या भाषेमुळेही.

सुरुवात निकाहापासून करता येईल, कारण हाच खुतबा तिथेही पढला जातो. मांडवात नवऱ्याकडच्या, नवरीकडच्या माणसांसोबत गावातले शेजारी, शाळेतले गुरुजी, धानाच्या व्यवहारातले सोबती बसलेले असतात. काजीसाहेब पढू लागले की सगळे आदराने गप्प होतात, आणि छुहारे वाटले जाईपर्यंत कशासाठी गप्प बसलो हे पुष्कळांना, कित्येकदा खुद्द नवरदेवालाही, कळलेले नसते. माणसे एका जिवापासून झाली आणि बोलणे सरळ असावे, हे त्या मांडवात काजीसाहेबांनी मराठीत सांगितले तर नवरा-नवरीला कळेल, आणि मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या शेजाऱ्यांनाही.