मगरिबनंतरची लाली

पाऊस उघडला की वर्सोव्याच्या आणि गोराईच्या किनाऱ्यावर मावळतीचे आभाळ आधी शेंदरी, मग गुलाबी, शेवटी जांभळे होते. मगरिबची नमाज अदा करून मशिदीबाहेर पडताना मुले विचारतात, "हे रंग येतात कुठून?" अल्लाहची कुदरत, हे उत्तर खरेच, पण ती कशी चालते, हेही मुलांना सांगावे, असे आम्हाला वाटते.

सूर्यप्रकाशात सगळे रंग असतात. हवेचे रेणू निळा प्रकाश लालपेक्षा पाच-सहा पट अधिक विखुरतात. म्हणून दुपारी आभाळ निळे. सूर्य क्षितिजाला टेकला की किरणांना, तो डोक्यावर असतानाच्या सुमारे ३८ पट हवा ओलांडावी लागते. निळा वाटेतच विखुरतो, लाल-नारिंगी आपल्यापर्यंत पोहोचतो. याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये मांडले. त्याच्या कितीतरी आधी, अकराव्या शतकात, अंदलुसचे काझी इब्न मुआझ यांनी संधिप्रकाशावरून वातावरणाची उंची काढली होती.

सूरह इन्शिकाकमध्ये जिची शपथ आली आहे, ती शफक हीच. शाफई मसलकात ही लाली संपली की इशाची वेळ सुरू होते. इमाम अबू हनीफांच्या मते लालीनंतरची सफेदीही जावी लागते. तोवर सूर्य क्षितिजाखाली सुमारे १८ अंश गेलेला असतो. मुंबईत त्याला साधारण सव्वा तास लागतो.

रमजानात मात्र नुसत्या नजरेवर विसंबू नये. मुलुंडच्या पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. सूर्य डोंगराआड गेला म्हणजे मावळला, असे नव्हे. उलट अंधेरीत समुद्राकडे तोंड असलेल्या इमारतीच्या पंचविसाव्या मजल्यावर तो तळमजल्यापेक्षा मिनिटभर उशिरा मावळतो. इफ्तार करताना याचे भान ठेवावे.

धुरामुळे रंग खुलतात, हा समजही चुकीचा. धूळ-धुराचे मोठे कण सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात आणि आभाळ मळकट होते. हिवाळ्यात घाटकोपरच्या पुलावरून दिसणारा तांबडा गोळा क्षितिज गाठण्याआधीच विरतो, तेव्हा समजावे की हवा खराब आहे. अशा संध्याकाळी दम्याच्या बुजुर्गांना घरातच बसवावे, आणि गल्लीत कचरा जाळणाऱ्याला प्रेमाने थांबवावे. स्वच्छ आभाळाची लाली पाहणे हा आपल्या मुलांचाही हक्क आहे.